कोंडीरामच्या वजनाची चिठ्ठी

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही. बसू नयेच. माझा स्वतःचा अजून बसलेला नाही, आणि मी तर तिथे पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर होतो.

अठ्ठावन्न सालची गोष्ट. डिलाईल रोडच्या ह्याच चाळीत, तिसऱ्या मजल्यावर कोंडीराम धुरी राहायचा. गिरणीच्या साचेखात्यात जॉबर. म्हणजे कापड विणणाऱ्या चाळीस साच्यांवरचा मुकादम. मी त्याच गिरणीत घडीखात्यात, तयार कापडाच्या घड्या घालायला. जेवायला मात्र मी कोंडीरामकडे. त्याची बायको राधाबाई खानावळ चालवायची. बायको-मुलं गावाला ठेवून आलेले आम्ही बावीस गिरणीवाले तिच्या हातचं खाऊन जगत होतो. राधाबाईच्या बांगड्याच्या तिखल्याचा वास सुटला की समोरच्या चाळीतले लोक नुसत्या वासावर भात खायचे. हेही तुम्हाला खोटं वाटेल. वाटू दे.

कोंडीराम केवढा होता? तो जिन्यात असला की खालच्याने वर यायचं नाही आणि वरच्याने खाली उतरायचं नाही. चाळीच्या भय्याने कोंडीरामच्या येण्याजाण्याच्या वेळा जिन्याजवळ खडूने लिहून ठेवल्या होत्या. नळावर तो आंघोळीला बसला की मागे सावली पडायची, तिच्यात चार बायका बसून भांडी घासायच्या. आणि मनाने असा की त्याच बायकांना म्हणायचा, "ऊन आलं की सांगा गो, मी सरकतो."

तर हा कोंडीराम सुखात होता. त्याला दुःखात घातलं संयुक्त महाराष्ट्राने.

तेव्हा मोर्चे म्हणजे रोजची भाजी. त्या दिवशी आमचा मोर्चा निघाला होता गिरगाव चौपाटीच्या सभेला. कोंडीराम सगळ्यात पुढे, हातात झेंडा. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' आम्ही ओरडायचो. कोंडीराम 'मुंबईसह' म्हणायचा, 'संयुक्त'ला दम घ्यायचा, आणि त्याचं 'महाराष्ट्र' बाहेर पडेपर्यंत मोर्चा पुढच्या घोषणेवर गेलेला असायचा. चिंचपोकळीच्या पुलाचा तो एवढासा चढ. तिथे तो कठड्याला टेकला. ओठ निळे. घाम असा की खालच्या रुळांवरच्या लोकांनी छत्र्या उघडल्या.

"चला तुम्ही," तो म्हणाला. "मी इथून महाराष्ट्र मागतो."

लोक हसले. मीही हसलो. कोंडीराम नाही हसला. तेवढ्यात मागून पंचाहत्तर वर्षांच्या जाईबाई काठी टेकत आल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "दे रे बाबा तो झेंडा हिकडे, मी नेतंय." झेंडा चौपाटीला गेला जाईबाईंच्या हातातून. कोंडीराम घरी आला घोडागाडीतून. घोड्याचं काय झालं ते विचारू नका.

त्या दिवशी कोंडीरामने मनाशी ठरवलं. पुढच्या मोर्चात झेंडा घेऊन चौपाटी गाठायची. आणि ते ठरवून तो गप्प बसला असता तर बरं. पण गिरणीच्या दवाखान्यात दौलत नावाचा कंपाउंडर होता, त्याने ह्याच्या डोक्यात भरवलं. "वजन कमी करायला चालतोस कशाला? आता ऑपरेशन निघालंय. पोट उघडायचं, चरबी उचलायची, टाके घालायचे. कोळीण पापलेट साफ करते ना, तसं. सकाळी जायचं, संध्याकाळी शर्ट सैल."

झालं. कोंडीराम दुसऱ्याच दिवशी आमच्या डॉक्टरकडे. मी सोबत, कारण दार ढकलायला कुणीतरी लागायचं.

डॉक्टर जयवंत सकपाळ म्हणजे आमच्याच रस्त्यावरच्या पलीकडच्या चाळीतला मुलगा. तिशीचा. त्याचे वडील आमच्याच गिरणीत कताईखात्यात होते. आयुष्यभर तिथेच राहिले. साचेखात्यात सूत तोंडाने ओढून साच्यावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात ओवावं लागतं, म्हणून त्यांच्या जातीच्या माणसांना तिथे पाय ठेवू देत नसत. बाटेल म्हणून. आणि आता त्याच साचेखात्याचा जॉबर त्यांच्या मुलासमोर स्टुलावर बसून 'आ' करत होता. डॉक्टरच्या मागे भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. मला तरी वाटलं की तसबीर जराशी हसली.

स्टूल मोडलं. ते सोडा.

"डॉक्टर," कोंडीराम जमिनीवरूनच म्हणाला, "मला चिरा."

"कुठे?"

"जिथं जास्त आहे तिथं."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "कोंडीरामभाऊ, चरबी म्हणजे खिशात ठेवलेली पुडी नाही, हात घातला नि काढली. अमेरिकेत काही डॉक्टर आतडं तोडून आखूड जोडून बघतायत, मी मासिकात वाचलंय. त्यातले काही रोगी बारीक झाले. काही फार आजारी पडले. पुढेमागे चांगलं ऑपरेशन निघेलही, एखाद्याला त्याची गरजही असेल. पण त्याआधी तुमच्या अंगात काय चाललंय ते मला कळू दे. आणि माझ्याआधी तुम्हाला."

"माझ्या अंगात काय चालायचंय? मी जाडा आहे, एवढंच."

"बघू."

मग त्यांनी जे बघितलं! रक्तदाबाचा पट्टा दंडाभोवती पुरेना, तेव्हा त्याला माझा मफलर जोडला. पारा चढत चढत वरच्या बुचाला जाऊन टेकला आणि ठक ठक वाजवायला लागला. कोंडीरामच्या लघवीचे थेंब निळ्या औषधात टाकून नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी विटेसारखं लाल. डॉक्टरचा चेहरा पडला. कोंडीराम मात्र नळीकडे कौतुकाने बघत म्हणाला, "आमच्या रंगखात्यात असा रंग काढायला अर्धा दिवस जातो. पक्का आहे का हो?"

"पक्का आहे," डॉक्टर म्हणाले. "साखर आहे ती."

तोवर राधाबाई येऊन दारात उभी होती. पदर तोंडाशी. तिला कुणी विचारलं नव्हतं, तरी ती बोलली.

"डॉक्टर, ह्यांचो दम थांबता."

"कधी?"

"झोपेत. पाळी करून इले की चार वाजता आडवे पडतत. घोरतत तवसर बरां. मगे एकदम गप. मी बोटां मोजतंय. सात, आठ, धा, बारा. मगे घोडो खिंकाळल्यासारखो दम येता. काल तासाभरात बावीस वेळा थांबलो. भिंतीर रेघो मारलंय. माका भय वाटता."

बावीस. मी तुम्हाला दोनशे सांगितलं असतं, पण रेघा मी स्वतः मोजल्या होत्या. त्या बाईच्या तोंडाकडे बघून त्यात भर घालायची माझी हिंमत होत नाही.

डॉक्टरांनी नळी खाली ठेवली. मग म्हणाले, "गिरणीत एका शाफ्टवर किती साचे चालतात?"

"चाळीस," कोंडीराम म्हणाला.

"साठ जोडले तर?"

"कोण गाढव जोडेल? पट्टा घसरेल. बेअरिंग तापेल. एक दिवस शाफ्टच तुटेल."

"तुमचं काळीज चाळीस साच्यांचं आहे. तुम्ही साठ जोडलेत. दाब वाढलाय तो म्हणजे पट्टा घसरतोय. गुडघे दुखतात तो बेअरिंगचा आवाज."

"मग तेच म्हणतोय ना मी! वरचे वीस साचे काढून टाका!"

"चालू शाफ्टवर हात घालता का तुम्ही?"

"छ्या! हात जाईल. आधी बंद करायचा."

"मग. तुम्हाला चिरायचं तर आधी भूल देऊन झोपवायला लागेल. झोपेत तुमचा दम तासाला बावीस वेळा थांबतो. बंद केलेला शाफ्ट परत चालू होईल, ह्याची हमी कोण देतो? दौलत कंपाउंडर?"

कोंडीरामने दौलतचं नाव पुन्हा काढलं नाही. पण जॉबर तो. हार कशी मानणार? "किती दिवस थांबू?" त्याने विचारलं.

"दसऱ्यापर्यंत. तोवर तेल कमी, साखर बंद, रोज सकाळी चालायचं. वजन किती उतरतं बघू. मग मी स्वतः मोठ्या हॉस्पिटलच्या सर्जनला पत्र लिहितो. कबूल?"

"कबूल. पण वजन करणार कशावर? तुमचा काटा अडीचशे रत्तलाला संपतो."

तेही खरं होतं. शेवटी आम्ही त्याला नेला कॉटन ग्रीनला, कापसाच्या गोदामात. तिथे गाठींच्या काट्यावर आनंदा नावाचा माझा गाववाला होता. तीस वर्षं कापसाच्या गाठी तोलून तोलून त्याला माणसाकडे माणूस म्हणून बघायची सवयच राहिली नव्हती. कोंडीराम काट्यावर चढला. आनंदाने आधी कापसाचा नमुना ओढायला लोखंडी आकडा पुढे केला, मी हात धरला म्हणून बरं. मग वजन केलं: तीनशे एक रत्तल, म्हणजे पौंड. आणि हाताच्या सवयीने लगेच नऊ वजा केले.

"नऊ कशाचे?" मी विचारलं.

"बारदानाचे. गोणपाट आणि पट्ट्या."

"अरे, त्याच्या अंगावर धोतर-सदरा आहे!"

"तेच बारदान," आनंदा म्हणाला, आणि चिठ्ठीवर लिहिलं: २९२. फक्त आकडा. रत्तल वगैरे लिहायची गोदामात पद्धत नव्हती, सगळ्यांना ठाऊकच असायचं.

दसऱ्यापर्यंत कोंडीराम रोज चालला, हे मी देवाशपथ सांगतो. सकाळी निघायचा तो थेट वरळी कोळीवाड्यापर्यंत. फक्त तिथे पोचल्यावर काय व्हायचं ते मी डॉक्टरला सांगितलं नाही. तिथे होड्या लागायच्या. कोळणी ओळखीच्या. एवढ्या लांबून चालत आलेल्या माणसाला कोळीण रिकाम्या पोटी परत पाठवत नाही. चार तळलेले बोंबील म्हणजे काही खाणं नव्हे, असं कोंडीरामचं मत होतं. तो म्हणायचा, "हे चालण्याच्या खात्यावर."

दसरा आला. आम्ही परत कॉटन ग्रीनला. आनंदाने तोललं, बारदान वजा केलं, चिठ्ठी दिली.

१३६.

मी चिठ्ठी दोनदा वाचली. कोंडीरामने तीनदा. दोनशे ब्याण्णवाचे एकशे छत्तीस! तीन महिन्यांत माणूस अर्ध्याहून कमी! शर्ट तेवढाच होता, धोतर तेवढंच होतं, तो चढल्यावर काट्याचा पाटही तेवढाच कुरकुरला होता. पण चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. कापडावर एकदा शिक्का बसला की ते तेवढंच वार, आम्ही गिरणीवाले पुन्हा मोजत नाही.

डिलाईल रोडवर बातमी आमच्याआधी पोचली. नाक्यावर लेझीम. ज्यांनी त्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला त्यातले तिघे आठ दिवस कामाला गेले नाहीत, तरी कुणाला शंका आली नाही. उलट म्हणाले, खुशीने अंग दुखतं. खानावळीत राधाबाईने कोंबडी-वडे केले. चारही पंगतींना. आणि कोंडीरामने चारही पंगतींना वडे मागून घेतले, कारण आता काय भीती?

चार दिवसांनी तो रुबाबात डॉक्टरकडे गेला, मी आणि राधाबाई मागे. चिठ्ठी टेबलावर आपटली. "पत्र लिहा सर्जनला. निम्मं मी काढलंय, उरलेलं त्याला काढायला सांगा."

डॉक्टरांनी चिठ्ठी बघितली. कोंडीरामकडे बघितलं. परत चिठ्ठी. मग हळूच विचारलं, "हे कुठल्या तारखेचं?"

"दसऱ्याचं."

"ह्या महिन्यात सरकारने नवी वजनं आणली. गोदामात रत्तल गेले, किलो आले. पेपरात वाचलं नाहीत?"

"पेपरात आम्ही महाराष्ट्राचं वाचतो," मी म्हणालो.

डॉक्टरांनी कागदावर गुणाकार केला. कागद आमच्याकडे फिरवला. एक किलो म्हणजे दोन रत्तल आणि वर थोडं. एकशे छत्तीस किलो म्हणजे जवळजवळ तीनशे रत्तल.

आठ रत्तल वाढलं होतं. बारदान सोडून.

मला हसू येत होतं. मी दाबलं. कोंडीरामचे डोळे भरले होते. एवढा मोठा माणूस रडायला लागला तर कुठून सुरुवात करायची, कुणाला कळेना.

"मग चिराच," तो म्हणाला. "आता काय राहिलं? मेलो तर मेलो."

दारातून राधाबाई म्हणाली, "आणि मगे माझां काय होतलां?"

डॉक्टरांनी पेन काढलं. कोरा कागद घेतला. "ठीक. पत्र लिहितो. पण मजकूर तुम्ही सांगायचा, कोंडीरामभाऊ. सर्जनसाहेब पहिलं विचारतील, ह्याला होतंय काय. बोला."

"लिहा, जाडा आहे."

"ते त्यांना दिसेल. आणखी?"

"लिहा... गुडघे. पुलाचा चढ चढवत नाही." थांबला. "लिहा, साखर. रंग पक्का आहे. तहान फार लागते. पायाला खिळा लागला होता, तो दोन महिने भरला नाही."

"हे मला आज सांगताय?"

"आठवलंच आज. लिहा, दाब. पट्टा घसरतोय." आवाज बारीक होत चालला होता. "लिहा, दम थांबतो. बावीस वेळा. बायको झोपत नाही, मोजत बसते. तीसुद्धा थकली. ते लिहा. तिचं वरती लिहा."

राधाबाईने तोंड फिरवलं.

"जेवण?" डॉक्टर म्हणाले. "दिवसातून किती वेळा?"

"दोनदा," कोंडीराम ठामपणे म्हणाला.

"दोनदा?" राधाबाई गर्रकन वळली. "दोनदा, असां काय?"

"दोनदाच! पंगतींना मी जेवत नाही. सोबत देतो."

आता हे तुम्हाला समजून सांगायला हवं. खानावळीत पाळीप्रमाणे पंगती. पहिल्या पाळीचे, दुसऱ्या पाळीचे, रात्रपाळीचे, आणि सुट्टीवाले. परगावचा माणूस नवीन आला की त्याला शंका येते, अन्न शिळं तर नाही? म्हणून खानावळवालीच्या नवऱ्याने प्रत्येक पंगतीला पान मांडून बसायचं. मालक खातोय म्हणजे ताजं आहे. पंधरा वर्षं कोंडीराम चारही पंगतींना असा बसत होता. शिवाय शेवटी भांड्यात उरलेलं टाकायचं कसं, म्हणून तेही तोच. ह्याला त्याने जन्मात कधी जेवण म्हटलं नव्हतं. ते धंद्याचं काम होतं.

"सोबत देताना भात किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"समोरचा घेईल तेवढा. नाहीतर त्याला संकोच वाटतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कोंडीराम बोटं मोजायला लागला. दोन जेवणं. चार पंगती. कोळीवाडा. भांडं. एका हाताची बोटं संपली. दुसऱ्या हाताची तीन गेली. त्या बोटांकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"आठ," तो म्हणाला. "शाम्या, मी आठ वेळा जेवतो रे."

"मला वाटलं तुला ठाऊक आहे," मी म्हणालो.

"डॉक्टर," तो म्हणाला, "पत्रात हे लिहिलंत तर सर्जन मला चिरेल?"

"नाही चिरणार. म्हणेल, टाके घालून पाठवला तर हा परत पंगतीला बसणार. आतडं आखूड, पंगती चार. मरेल."

"मग राहू दे. तारीख घालू नका पत्रावर. ठेवा तुमच्याकडे." आणि राधाबाईकडे न बघता म्हणाला, "पंगतीला उद्यापासून शाम्याला बसव. त्याच्या अंगावर काही चढत नाही."

आणि मी बसायला लागलो. मैत्रीत काय काय करावं लागतं!

तर आता शेवट ऐका. कोंडीरामने 'सोबत' सोडली. कोळीवाड्याचा रस्ता सोडून उलट्या बाजूला, शिवडीकडे चालायला लागला, तिकडे ओळखीच्या कोळणी नव्हत्या. आणि तुम्हाला सांगतो, तीन महिन्यांत, फक्त तीन महिन्यांत, दीडशे रत्तल उतरलं! साचेखात्यात पंखा लावला की त्याला साच्याला बांधून ठेवायला लागे. संक्रांतीला गच्चीवर गेला तर पोरं म्हणाली, काका, मांजा धरू का? एकदा शिवडीच्या खाडीवर वारा सुटला, हा उचलला गेला, तो थेट...

"शाम्या!"

खोलीच्या दारातून आवाज आला. कोंडीराम. हात ओले, खांद्यावर पंचा, ताटं धुता धुता उठून आलेला.

"तीन महिने? खोटं बोलतोस! चार वर्षं लागली मला. चार! महाराष्ट्र मिळाला तेव्हासुद्धा माझे पंचवीस रत्तल उतरायचे होते. आणि आजही दोनशे दहा आहे, ये, काट्यावर चल, बारदानासकट दाखवतो!"